इंजिन नंतर, आधी रबर बघा

जिंतूरच्या एका दादांनी विचारलंय. मुंबईकडं १९९८ ची अठरा फुटी फायबरची बोट मिळायलीय, मर्क्रूझरचं ३.० लिटर पेट्रोल इंजिन, मागं अल्फा वन ड्राइव्ह (बोटीबाहेरचा गिअर-पंख्याचा पाय), दहा-बारा वर्षं समुद्रात चाललेली अन् मग नुसती उभी. मालक म्हणतोय इंजिन एकदम टकाटक, चावी मारली की चालू. येलदरी धरणाच्या पाण्यावर घरच्यांना फिरवायला अन् थोडं माशांच्या पिंजऱ्यांवर ये-जा करायला घ्यायचीय. घ्यावी का, घेतली तर वर्षाला काय काय करावं लागंल, अन् गावातला मेकॅनिक हे करू शकंल का, असे तीन प्रश्न हायेत.

आधी माझं सांगतो. मी पैठणचा, ट्रॅक्टरच्या कामावर हात बसला, मग अकरा वर्षं मुंबईत माझगावच्या बाजूला बोटींच्या वर्कशॉपात काढली, अन् आता नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, कडेला परत येऊन अशाच जुन्या बोटी जगवायचं काम करायलोय. मराठवाड्यात अशा स्टर्न ड्राइव्हच्या, म्हणजे इंजिन आत अन् पाय बाहेर, बोटी हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, अन् ज्या हायेत त्यातल्या निम्म्या ताडपत्रीखाली पडून हायेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. मला विचाराल तर एवढ्याशा कामाला साधं आउटबोर्ड, म्हणजे मागं बाहेरून टांगायचं इंजिन घ्या, चाळीस-साठ हॉर्सपॉवरचं, काम झालं की वर उचललं, पाण्यात काही राहत नाही, बिघडलं तर पिकअपमध्ये टाकून छत्रपती संभाजीनगरला नेता येतं. पण मला म्हाइतीय तुम्ही ऐकणार नाहीत, कारण त्या बोटीचा फोटो बघितला की माणूस गारच होतो, मागं पोहायला उतरायची मोकळी पायरी, इंजिन झाकलेलं, वर गादी. मी पण असाच फसलो होतो. तर मग घेताना काय बघायचं ते नीट ऐका.

मालक म्हणतो इंजिन भारी. असंलही. हे ३.० लिटरचं चार सिलिंडर इंजिन म्हणजे जनरल मोटर्सचा लोखंडी ब्लॉक, पुशरॉडवालं, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे आपल्या जीप-ट्रॅक्टरवाल्याला अनोळखी असं त्यात काहीच नाही. हे इंजिन सहजासहजी मरत नाही. पण स्टर्न ड्राइव्हची बोट इंजिनामुळं डुबत नसती, ती रबरामुळं डुबती.

कसं ते समजून घ्या. आउटबोर्ड बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं असतं. इनबोर्डमध्ये इंजिन मधोमध अन् बुडातून शाफ्ट. स्टर्न ड्राइव्ह म्हणजे दोघांचं लगीन लावलेलं, इंजिन आत मागच्या फळीला चिकटून अन् गिअर-पंखा असलेला पाय बाहेर. व्होल्वो पेंटानं १९५९ मध्ये अॅक्वामॅटिक नावानं हा प्रकार बाजारात आणला, दोनेक वर्षांत मर्क्युरीवाल्यांनी मर्क्रूझर आणलं. कल्पना झकास हाय, पाय डावी-उजवीकडं वळतो म्हणून वेगळं सुकाणू नको, वर उचलता येतो म्हणून उथळ पाण्यात चालतं. पण त्यासाठी मागच्या फळीला, तिला ट्रान्सम म्हणतात, भलंमोठं भोक पाडावं लागतं अन् ते भोक पाण्याच्या रेषेच्या खाली असतं. त्या भोकातून फिरणारा शाफ्ट बाहेर जातो, अन् पाय तर सारखा हलणार, वळणार, उचलणार. मग पाणी आत येऊ नये म्हणून मधी काय? तर रबराची एक घड्याघड्यांची नळी, बेलो म्हणतात, जुन्या हार्मोनियमच्या भात्यासारखी. तुमची लाखांची बोट त्या नळीच्या भरवशावर तरंगत असती.

अल्फा ड्राइव्हला तीन बेलो असतात. यू-जॉइंटचा, म्हणजे शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्यावरचा मोठा, एक्झॉस्टचा, अन् गिअर केबलचा बारीक. एक्झॉस्टचा फाटला तर बोट डुबत नाही, पण गरम धूर शेजारच्या मोठ्या बेलोवर मारत राहतो. यू-जॉइंटचा फाटला तर आधी पाणी शाफ्टला धरणाऱ्या गिम्बल बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग गंजतं, घरघर करायला लागतं, अन् मग पाणी सरळ बोटीत. बारक्या केबलच्या बेलोकडं कुणी बघत नाही, अन् मी बघितलेल्या 'रात्रीतून बोट डुबली' प्रकारातल्या दोन त्याच्यामुळंच होत्या, थेंब थेंब येतं, बुडातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची बॅटरी उतरंपर्यंत कळतच नाही.

आता आपल्याकडचं वेगळेपण. कंपनीचं पुस्तक अन् बाहेरच्या देशातले व्हिडिओ सगळे हिवाळ्यावर बोलतात, विंटरायझेशन करा, अँटिफ्रीझ भरा, नाहीतर ब्लॉकमध्ये पाणी गोठून ब्लॉक तडकंल. येलदरीला कधी ब्लॉकमधलं पाणी गोठलंय का? ते सगळं सोडून द्या. आपला वैरी एप्रिल-मे हाय. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, पत्र्याच्या शेडखाली, कोरड्यात उभ्या बोटीचं रबर जे वाळतं ते समुद्रात रोज चालणाऱ्या बोटीचं वाळत नाही. अन् दुसरा वैरी दुष्काळ, कारण पाणी हटलं की बोट वर्ष-वर्ष उभी.

२०१६ चं सांगतो, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. नाथसागर पार मृतसाठ्यात गेला होता, काठापासून पाण्यापर्यंत चालत जायचं तर चप्पल तुटायची, लोकांनी गाळपेर केली होती. माझी स्वतःची बोट दोन हंगाम शेडात. ड्राइव्ह मी वर उचलून ठेवला होता, ऐटीत दिसतो म्हणून. ही माझी चूक. वर उचलला की बेलो एका बाजूनं ताणलेला अन् एका बाजूनं घडी पडलेला राहतो, अन् तसाच वाळतो. पाणी आल्यावर खाली केला तर घडीच्या तळाशी केसासारखी चीर, बाहेरून दिसंना. अंगठ्यानं घडी फाकवून बॅटरी मारली तेव्हा दिसली. म्हणून लक्षात ठेवा, उभी ठेवताना ड्राइव्ह पूर्ण खाली. अन् बघताना वरवर बघायचं नाही, घड्या एकेक फाकवून तळ बघायचा, चीर तिथंच असती. तीन वर्षं झाली की मी न बघताच बदलतो, आपल्या उन्हात त्याच्यापुढं भरवसा नाही.

तर बोट बघायला जाल तेव्हा मालकाला म्हणा, ड्राइव्ह काढू द्या. अल्फाचा ड्राइव्ह सहा नटांवर असतो, गिअर पुढं टाकायचा, ट्रिमचे, म्हणजे पाय वर-खाली करणारे, दांडे मागून सोडायचे, सहा नट काढायचे, दोन माणसांनी मागं ओढला की आला. अर्ध्या तासाचं काम हाय. मालक 'कशाला काढायचा, चालतोय की' म्हणाला तर समजून जा की त्यानं पण लई वर्षांत काढलेला नाही. काढल्यावर तीन गोष्टी बघायच्या. यू-जॉइंट हातानं हलवा, कुठं अडकतो का, खडखड करतो का. मग भोकात हात घालून गिम्बल बेअरिंग बोटानं फिरवा, लोण्यासारखं फिरलं पाहिजे, वाळू दळल्यासारखं लागलं की गेलं. अन् शाफ्टच्या टोकाच्या स्प्लाइन्स बघा, दात टोकदार झाले असतील तर इंजिनचं अलाइनमेंट बिघडलंय.

अलाइनमेंटचं थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडचे लोक हे करतच नाहीत. ड्राइव्ह काढला की अलाइनमेंट बार म्हणून एक जाड दांडा मिळतो, तो गिम्बल बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरमध्ये, म्हणजे शाफ्ट जिथं इंजिनला जुळतो त्या दातांच्या जोडात, घालायचा. दोन बोटांनी आत-बाहेर झाला पाहिजे. हातोडी लागली तर इंजिनच्या पुढच्या माउंटचे नट वर-खाली करून उंची जमवायची. न जमवता ड्राइव्ह ढकलून बसवला तर चार-सहा महिन्यांत कपलरचे दात जातात, इंजिन जोरात फिरतं अन् बोट जागेवर, अन् कपलर बदलायला सगळं इंजिन बाहेर. बार घरी लेथवर करून घेणारे पण हायेत, मी मात्र सांगंन विकतचा घ्या, मापात फरक पडला तर बारच खोटं बोलतो.

ट्रान्सम. फायबरच्या दोन पापुद्र्यांत प्लायवूड असतं, अन् तेवढ्या वर्षांत स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून ते सडतं. बाहेरून चकाचक दिसतं, आत भिजलेल्या पावासारखं. पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा, आधी वरच्या बाजूला जिथं कोरडं असणार, मग ड्राइव्हच्या भोवती. टणटण वाजता वाजता ठप्प वाजायला लागलं की तिथं सडलंय. अजून एक, एकाला ड्राइव्ह धरून वर-खाली हलवायला सांगा अन् तुम्ही फळीवर हात ठेवा. फळी हलली तर नमस्कार करा अन् गाडीत बसा. ट्रान्सम बदलणं होतं, मी केलंय, पण त्या पैशात दुसरी बोट येती.

तुमची बोट समुद्रातली म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अन् रायझर बघा, इंजिनचा धूर बाहेर नेणारे लोखंडी भाग. इंजिन थंड करायला बाहेरचंच पाणी ब्लॉकमधून अन् मॅनिफोल्डमधून फिरतं, खाऱ्या पाण्यात ते लोखंड पाच-सात वर्षांत आतून खाल्लं जातं. फुटलं की पाणी सिलिंडरमध्ये. चारही प्लग काढून बघा, एखाद्यावर तांबडा गंज दिसला की कळालं. मग गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही प्लग काढून, इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून. आकडा किती यापेक्षा चारही सारखे हायेत का ते महत्त्वाचं, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत. शेजारशेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केट. मॅनिफोल्ड कधी बदलले याची पावती नसंल तर बदललेच नाहीत असं धरून किंमत पाडा. एक बरं हाय, इथं आणल्यावर आपलं गोडं पाणी, नवीन टाकलेला मॅनिफोल्ड समुद्राच्या मानानं कितीतरी जास्त टिकंल.

गोड्या पाण्यावरून अॅनोड आठवला. ड्राइव्हवर धातूचे ठोकळे लावलेले असतात, ड्राइव्हच्या अॅल्युमिनियमऐवजी ते झिजावेत म्हणून. समुद्रातल्या बोटीला बहुतेक जस्ताचे असतात. जस्त गोड्या पाण्यात नीट काम करत नाही, वर पांढुरकी साय धरून बसतं, अन् माणूस म्हणतो वा, माझे अॅनोड झिजतच नाहीत. अॅनोड झिजले नाहीत म्हणजे दुसरं काहीतरी झिजायलंय. आपल्याकडं मॅग्नेशियमचे नाहीतर अॅल्युमिनियमचे लावा, अन् त्यांना रंग मारू नका, एका गड्यानं बोट रंगवताना अॅनोडला पण दोन हात मारले होते.

आता घेतल्यावरचं. गिअर ऑइल वर्षातून एकदा, अन् हे स्वतः करा, मेकॅनिकच्या हातात देऊ नका, कारण ऑइल काय सांगतंय ते तुम्हीच बघितलं पाहिजे. बोट रात्रभर उभी राहू द्या, ड्राइव्ह सरळ. सकाळी खाली पांढरा डबा ठेवा अन् खालचा स्क्रू हळूच सैल करा, पूर्ण काढू नका. पहिले चार थेंब बघायचे. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून आत पाणी असंल तर आधी तेच येतं, मग ऑइल. सगळंच दुधाच्या चहासारखं आलं तर पाणी घुसळलं गेलंय, सील गेलेत. चांगलं ऑइल पारदर्शक असतं, कंपनीप्रमाणं निळसर नाहीतर तपकिरी. स्क्रूच्या चुंबकावर मऊ राखेसारखं काळं असणारच, ते चालतं, नखानं टोचणारे तुकडे दिसले की गिअर उघडायची वेळ आली. भरताना खालूनच पंपानं भरायचं, वरच्या भोकातून बुडबुडे न येता ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा, म्हणजे ऑइल सांडत नाही. दोन्ही वॉशर नवीन, दहा-वीस रुपयांच्या वॉशरपायी ड्राइव्ह घालवलेले लोक मी बघितलेत. ऑइल मरीन गिअर ल्यूबच, ट्रॅक्टरच्या डब्यातलं नव्हे, मरीनवालं थोडं पाणी शिरलं तरी सांभाळून घेतं. तुमच्या १९९८ च्या ड्राइव्हला इंजिनाजवळ ऑइलची छोटी बाटली असायला पाहिजे, तिची पातळी उतरली तर ऑइल बाहेर चाललंय, अन् चढली तर पाणी आत येतंय. पातळी चढली म्हणून खुश होणारे पण भेटलेत.

प्रोपेलर, म्हणजे पायाचा पंखा, दर दोन महिन्यांनी काढायचा. आपल्या धरणात काय नाही! भोई लोकांची जाळी रात्रभर लावलेली असतात, तुटलेलं तंगूस तरंगत असतं, ते शाफ्टवर गुंडाळतं, प्रॉपच्या मागं जाऊन घर्षणानं वितळतं अन् सील कापतं. बाहेरून काहीच दिसत नाही, प्रॉप काढल्यावर हिरवा-पांढरा गोळा निघतो, अन् त्यावर ब्लेड चालवताना कळतं की गोळा किती घट्ट बसलाय. त्याशिवाय शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप अन् केबली, पाणी जसं हटंल तसं मोटारी आत सरकवतात, म्हणून मागच्या आठवड्याची मोकळी वाट या आठवड्याला मोकळी असंल असं नाही. अन् येड्या बाभळीचे खुंट. दुष्काळात गाळात उगवतात, पुढच्या साली पाणी चढलं की वीतभर पाण्याखाली. नवीन पाणी आल्यावर पहिले दोन महिने काठाकडं येताना ड्राइव्ह थोडा वर अन् स्पीड चालण्याइतका. ड्राइव्ह जास्त वर असताना रेस करायची नाही, यू-जॉइंट खडखडतो अन् पाणी ओढायच्या जाळ्या पाण्याबाहेर येतात.

पाणी ओढायच्या जाळ्यांवरून इम्पेलर, पाण्याच्या पंपातलं पात्यांचं रबरी चाक. अल्फामध्ये पाण्याचा पंप ड्राइव्हच्या पोटात असतो, ब्राव्होमध्ये, म्हणजे मर्क्रूझरच्याच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, अन् व्होल्वोत इंजिनवर. म्हणजे तुमच्या बोटीत इम्पेलर बदलायला खालचा भाग उतरवावा लागणार, दोन तासांचं काम. कंपनीवाले दोन-तीन वर्षं म्हणतात, आपल्या गाळाच्या पाण्यात मी दर वर्षी म्हणतो. जुलै-ऑगस्टचं पाणी बघा, चहाच असतो, त्यातली बारीक रेती इम्पेलरच नाही तर ज्या स्टीलच्या वाटीत तो फिरतो तिला पण चरे पाडते, चरे नखाला लागले की वाटी बदला. पात्या तुटलेल्या निघाल्या तर तुकडे मोजा, पूर्ण जुळले पाहिजेत, एक तुकडा पुढं नळीत नाहीतर थर्मोस्टॅटच्या घरात अडकलेला असतो अन् नवीन इम्पेलर टाकून पण इंजिन तापतं, मग लोक नव्या इम्पेलरला शिव्या देतात. जलपर्णीत घुसल्यावर तापलं तर इंजिन बंद, ड्राइव्ह वर, मुळं हातानं काढायची.

अन् कोरडं चालू करायचं नाही. एक सेकंदसुद्धा नाही. रबरी इम्पेलरला पाणीच वंगण असतं. घरी चालू करायचं तर मफ लावा, जाळ्यांवर बसणारे दोन रबरी कान, त्याला नळी. आपल्याकडं नळाला दाब नसतो, मी वरच्या हजार लिटरच्या टाकीवरून पाऊण इंचाची नळी सोडलीय अन् टाकी भरलेली हाय का ते आधी चढून बघतो. दुष्काळात शेजाऱ्यांच्या डोळ्यादेखत हे करू नका, माझ्याशी दोन महिने कुणी बोललं नव्हतं. मफवर आयडलच, रेस नाही.

पेट्रोलचं मोठं दुखणं हाय. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं आलं अन् आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. मरीन इंजिनवाल्यांची मर्यादा दहा टक्के. १९९८ च्या बोटीतले रबरी पाइप, कार्ब्युरेटरचं गॅस्केट, डायाफ्राम हे वीससाठी केलेलेच नाहीत, मऊ पडतात, झिरपतात. अन् इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, बोटीची टाकी व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, उघडीच असती, अर्धी टाकी चार महिने उभी राहिली की इथेनॉल-पाणी एकत्र होऊन तळाला बसतं अन् इंजिन पहिल्यांदा तेच पितं. म्हणून बोट आणली की पहिलं काम, सगळे पेट्रोल पाइप बदला, इथेनॉल चालणारे मरीन पाइप, कार्ब्युरेटर किट टाका, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा अन् त्याचा बाउल दर महिन्याला खाली करा. लागंल तेवढंच भरा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मोटारसायकलला वापरून टाका.

व्हेंटचा विषय निघालाय तर एक गंमत. माजलगावकडून एक बोट आली होती, तक्रार अशी की चालू होती, दहा मिनिटं झकास चालती अन् मग दम तोडती, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. कार्ब्युरेटर दोनदा उघडून झालेला, पंप नवीन, कॉइल नवीन. मी पाण्यात नेली, बंद पडली तशी टाकीचं झाकण फिरवलं, फुस्स करून हवा आत ओढली गेली. बाहेरच्या व्हेंटच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, खिळ्यानं टोकरून काढलं, आतून वाळलेल्या अळ्या पडल्या. बाकी काही नव्हतं. आता मी उभ्या बोटीच्या व्हेंटला बारीक जाळी लावतो, ड्राइव्हच्या पाण्याच्या जाळ्यांवर पण कापड बांधतो, अन् चावीला चिठ्ठी अडकवतो की कापड काढा, कारण एकदा मीच विसरलोय.

आता तुमचा तिसरा प्रश्न, गावातला मेकॅनिक. इंजिनचं काम तो करंल, बिनधास्त द्या, फक्त एक अट घाला अन् त्यात अजिबात माघार नाही. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, कार्ब्युरेटर, हे जीपचं नाहीतर कारचं बसवायचं नाही. बसतं. दिसायला सारखं असतं, निम्म्या किमतीत मिळतं, म्हणूनच तो बसवंल. पण कारचं इंजिन खालून उघडं असतं, पेट्रोलची वाफ जमिनीवर पडून उडून जाती. बोटीत वाफ हवेपेक्षा जड म्हणून बुडाला डबक्यासारखी साचून राहती अन् कारच्या स्टार्टरमधली ठिणगी उघडी असती. मरीन स्टार्टर झाकलेला असतो, ठिणगी बाहेर येत नाही. त्यातच ब्लोअर येतो, बुडातली वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालू करायच्या आधी किमान चार मिनिटं ब्लोअर चालवायचा, इंजिनचं झाकण उघडून नाकानं वास घ्यायचा, मगच चावी. ब्लोअर बंद असलेली बोट मी पाण्यात सोडू देत नाही, मालक कितीही मोठा असू दे.

ड्राइव्ह अन् बेलोचं काम मात्र ज्यानं आधी केलंय त्याच्याकडूनच पहिल्यांदा करून घ्या, तुमचा मेकॅनिक शेजारी उभा करून. बेलोचा चिकट गम, क्लॅम्पची दिशा, बेअरिंगला ग्रीस किती, हे बघून शिकायचं असतं. गिअर टाकताना अल्फाचं इंजिन क्षणभर अडखळतं, ते बिघाड नव्हे, मुद्दाम इग्निशन तोडायचा स्विच हाय. पण अडखळून बंदच पडायलं किंवा गिअर निघंना तर खालची केबल आत गंजलीय, इंजिन ट्यून करत बसू नका.

पंख्याचं एक. समुद्रसपाटीवरची बोट इथं थोडी मरगळंल. आमचा नाथसागर भरला की १५२२ फुटांवर असतो, एवढ्या उंचीवर अंदाजे पाच टक्के ताकद जाती, वर आपली गरमी. फुल थ्रॉटलला हे इंजिन ४४०० ते ४८०० आरपीएमला पोचलं पाहिजे. पोचत नसंल तर एक-दोन इंच कमी पिचचा (पात्यांच्या तिरकेपणाचं माप) प्रॉप लावा, इंचाला दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. नाहीतर इंजिन चढावर टॉप गिअरमध्ये रेटल्यासारखं चालतं अन् लवकर जातं.

ट्रेलर अन् उतार याचा विचार आधी करा, मी बघतोय की लोक बोट घेतात अन् मग विचारतात पाण्यात घालायची कुठून. काळी माती भिजली की ट्रेलर रुततो, ट्रॅक्टर पण रुततो, मग ट्रॅक्टरला काढायला दुसरा ट्रॅक्टर. मुरमाची जागा शोधा. बुडाच्या भोकाचा डाट (बूच) लावला का ते दोघांनी वेगवेगळं बघायचं, पाण्यात सोडल्यावर पट्टा न सोडता पाच मिनिटं थांबायचं अन् इंजिनचं झाकण उघडून बुडाला पाणी येतंय का बघायचं. उलट जमिनीवर उभी असताना डाट काढूनच ठेवायचा, नाक वर. पावसाळ्यात ताडपत्री फाटली अन् डाट लावलेला असला तर बोट आतून भरती, अन् इंजिन घरच्या अंगणात डुबून मरतं.

कागदाचं थोडक्यात. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ चा हाय, सर्व्हे अन् नोंदणी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडं चौकशी करून घ्या, धरणावर जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी. आमच्या नाथसागराला तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य म्हणून वनखातं पण हाय. परवानगी आधी, बोट नंतर. लाइफ जॅकेट माणशी एक, लहान लेकरांच्या मापाची वेगळी.

मुंबईला जाताना सोबत न्या: कॉम्प्रेशन गेज, प्लगचा पाना, उजेडाची चांगली बॅटरी, पांढरा डबा, अन् ड्राइव्ह उचलायला एक दमदार माणूस. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका, मला थंड इंजिन बघायचंय. गिअर ऑइलचे पहिले थेंब अन् यू-जॉइंट बेलोच्या घड्या, या दोन्हीचे फोटो उजेडात काढून मला पाठवा, टोकन त्याच्यानंतर.